क्रॅनफर्डमधील अबोल मैत्री

साहित्यात वृद्ध स्त्री येते ती बहुधा सासू, आजी किंवा विधवा म्हणून. कुणाची तरी मैत्रीण म्हणून ती क्वचितच भेटते. इंग्रज लेखिका एलिझाबेथ गॅस्केल यांची 'क्रॅनफर्ड' ही कादंबरी त्याला अपवाद आहे. चार्ल्स डिकन्स यांच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकातून ती १८५१ ते १८५३ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. लेखिकेचे बालपण चेशायरमधील नट्सफर्ड या गावी गेले. क्रॅनफर्ड हे त्याचेच कल्पित रूप. टोप्या, चहापान आणि जुन्या रीतिभाती यांत रमलेल्या उतारवयातील बायकांची ही एक गमतीदार कथा, असेच तिच्याकडे पाहिले जाते. प्रथम वाचताना मीही तेवढ्यावरच हसलो होतो. पुन्हा वाचली तेव्हा ते हसू तसेच राहिले नाही.

क्रॅनफर्डमध्ये गरिबीचा उच्चार करावयाचा नाही, असा अलिखित नियम आहे. पाहुण्यांना साधेच खाऊ घालावयाचे आणि थाटामाटाला असभ्य ठरवून मोकळे व्हावयाचे! हे ढोंग खरे. पण मैत्रिणीची झाकली मूठ तशीच राहू देण्याचा समंजसपणाही त्यात आहे. या समंजसपणाची कसोटी लागते ती मिस मॅटींची बँक बुडते तेव्हा. वर्षाकाठचे १४९ पौंड जातात आणि हाती उरतात अवघे १३. मिस पोल इतर मैत्रिणींना गुपचूप आपल्या घरी जमवतात. प्रत्येकीने दरसाल किती देता येईल ते एका कागदावर लिहावे, कागद मोहोरबंद करावा आणि मिस मॅटींना याचा सुगावाही लागू देऊ नये, असे ठरते. कुणी किती दिले हे एकमेकींनाही कळू नये, हे त्यातले विशेष. श्रीमती फॉरेस्टर यांचे संपूर्ण उत्पन्न शंभर पौंडांच्याही आत. त्यातला विसावा हिस्सा त्या देतात आणि तो इतका थोडा म्हणून रडतात. शुभवर्तमानातील विधवेचे दान येथे आठवल्यावाचून राहत नाही.

एवढ्यावर थांबलो तर या कादंबरीची केवळ स्तुती होईल. मला खटकते ते पुढे आहे. या स्त्रिया एकमेकींना पैसा देतात, भेटीला जातात, आजाराची चौकशी करतात. पण मनातले बोलत नाहीत. तरुणपणी मिस मॅटींचे होलब्रुक नावाच्या एका शेतकरी गृहस्थावर प्रेम होते. तो खालच्या दर्जाचा म्हणून घरच्यांनी ते जुळू दिले नाही. तो वारतो तेव्हा त्या कुणापाशीही शोक करीत नाहीत. टोप्या शिवणारणीला त्या इतकेच सांगतात, की माझी टोपी श्रीमती जेमिसन यांच्या टोपीसारखी कर. ती तर विधवेची टोपी, असे तिने म्हणताच त्या गडबडून शब्द फिरवतात. एका टोपीवर एवढे दुःख तोलून धरणे हे लेखिकेचे सामर्थ्यच होय. पुढे एका रात्री, एक लहान मुलगी आपल्या स्वप्नात वरचेवर येते, हे त्या सांगतात. पण तेही कुणा समवयस्क मैत्रिणीला नव्हे, तर पाहुणी म्हणून आलेल्या तरुण मेरी स्मिथला.

याउलट मोलकरीण मार्था पाहा. पगार परवडत नाही म्हणून तिला निरोप द्यावा लागणार, हे कळताच ती जाणार नाही म्हणून ठणकावते, स्वतःच्या पैशाने मालकिणीसाठी पुडिंग करते आणि आपल्या प्रियकराला पुढे घालून सांगते, की आम्ही लग्न करतो, तुम्ही आमच्याकडे भाडेकरू म्हणून राहा. तो बिचारा गोंधळून जातो! मार्थाला प्रियकर ठेवण्याची परवानगी मिळाली होती ती मात्र होलब्रुकच्या मृत्यूनंतर. तरुण जिवांना आपल्यामुळे दुःख होऊ नये, असे मिस मॅटींना तेव्हा वाटले होते. जे दुःख त्या बोलू शकल्या नाहीत, तेच अशा वळणाने त्यांच्या डोक्यावरचे छप्पर राखते. हा सांधा लेखिकेने कोठेही अधोरेखित केलेला नाही. वाचकाने तो स्वतःच शोधावयाचा आहे.

श्रीमती फिट्झ-अॅडम यांचा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. या मूळच्या खेडवळ घरातल्या. त्यांच्याकडे जावे की नाही, यावर गावातील प्रतिष्ठित बायकांनी पूर्वी खल केला होता. वर्गणीच्या सभेनंतर त्या मेरीला बाजूला घेतात. आपल्याला अधिक देता येईल, पण तसे करणे आगाऊपणाचे वाटेल, ही त्यांची भीती. मग त्या एक जुनी आठवण सांगतात. लहानपणी अंडी-लोणी घेऊन बाजाराला जाताना त्यांनी मिस मॅटींना पाहिले होते. सोबत घोड्यावर एक गृहस्थ होता आणि हातातल्या फुलांच्या पाकळ्या कुस्करीत त्या बहुधा रडत होत्या. तरीही काही पावले पुढे गेल्यावर त्या मागे धावत आल्या, मुलीच्या मरणासन्न आईची चौकशी केली आणि तिचा हात हाती घेतला. तो गृहस्थ तोवर खोळंबून उभा होता.

इतकी वर्षे जपलेली ही कृतज्ञता श्रीमती फिट्झ-अॅडम मेरीला ऐकवतात. मिस मॅटींसमोर बसून त्या हे सांगत आहेत, असे दृश्य मात्र कादंबरीत नाही. मोहोरबंद कागदातले पैसे मिस मॅटींपर्यंत पोहोचतात.