सात रकान्यांचं शिक्कामोर्तब

आयडी, सार्वजनिक किल्ली, वेळ, प्रकार, खुणा, मजकूर, सही. एकूण सात रकाने. ‘नॉस्टर’ या विकेंद्रित समाजमाध्यमाचा पायाभूत मसुदा ‘निप-०१’ या नावानं ओळखला जातो. तिथे कुणीही लिहिलेली कुठलीही गोष्ट या सात रकान्यांत बसते. हा छोटासा मसुदा मी अनेकदा वाचला आहे, आणि दर वेळी माझी नजर त्यात नसलेल्या आठव्या रकान्याकडे जाते. या सातांत लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

नॉस्टरची सुरुवात २०२० साली ‘फियाटजाफ’ या टोपणनावानं वावरणाऱ्या प्रोग्रॅमरनं केली. इथे खातं उघडून देणारी कंपनी नाही. एक प्रचंड मोठा आकडा यदृच्छेनं निवडायचा, ती तुमची खासगी किल्ली. तिच्यापासून गणितानं सार्वजनिक किल्ली निघते. उलट वाटेनं, सार्वजनिक किल्लीवरून खासगी शोधून काढणं व्यवहारात अशक्य. बिटकॉइन ज्या वक्ररेषेच्या गणितावर उभं आहे, तेच गणित इथे आहे. लिहिलेलं ‘रिले’ नावाच्या सर्व्हरांवर जातं. एका रिलेनं दार लावलं तर तेच टिपण, त्याच सहीनिशी, दुसऱ्या रिलेवर ठेवता येतं. मॅस्टोडॉन या दुसऱ्या विकेंद्रित समाजमाध्यमावर पत्त्यातच सर्व्हरचं नाव असतं. घर बदलताना अनुयायी सोबत येतात, जुन्या पोस्टी मागे राहतात. नॉस्टरमध्ये घर बदलायचा प्रश्नच येत नाही, कारण ओळख घराशी बांधलेलीच नाही.

आता आयडी कसा घडतो ते पाहू, कारण मसुद्याचं खरं सौंदर्य तिथे आहे. एक ओळ रचायची: आधी शून्य, मग कोण बोलतंय, मग कधी, मग कोणत्या प्रकारचं बोलणं, मग कुणाला वा कशाला उद्देशून, आणि सगळ्यांत शेवटी प्रत्यक्ष बोलणं. हा क्रम मला फार आवडतो. बोलणाऱ्यानं आधी उभं राहायचं, मग तोंड उघडायचं. या ओळीचा हॅश, म्हणजे गणिती ठसा, काढला की ६४ चिन्हांचा आयडी मिळतो, आणि सही होते ती या आयडीवर. म्हणजे सही नुसत्या शब्दांवर नसते. कोण, कधी, कुणाला आणि काय या सगळ्यांच्या एकत्र गाठीवर ती असते.

गाठ किती घट्ट, हे मराठी लिहिणाऱ्याला चटकन कळावं. ‘दुसऱ्या’ हा शब्द आपण दोन प्रकारे टाइप करतो: कुणी नुक्त्याचा र वापरून, तर कुणी साध्या र-ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडखूण घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण पहिला शब्द २१ बाइटांचा, दुसरा २४ बाइटांचा. मसुद्याची अट अशी की मोजकी चिन्हं सोडली तर मजकूर जसा आहे तसाच घ्यायचा. त्यामुळे दोन्हींचे आयडी पूर्ण वेगळे, एकाची सही दुसऱ्याला लागू नाही. डोळ्याला न दिसणारा बदलही ही सही खपवून घेत नाही.

इथे मला आपला ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आठवतो. शिवकालीन पत्रांत वर शिक्का असे, आणि मजकूर संपला की लगेच खाली मर्यादेची मुद्रा, म्हणजे मोर्तब, उमटवत. हेतू हा की तिच्याखाली कुणी ओळ घुसडू नये. सार्वजनिक किल्ली हा शिक्का आणि सही हे मोर्तब, असं हे सात रकाने मी वाचतो. फरक एकच, पण मोठा. जुना शिक्का प्रत्येक पत्रावर तोच उमटायचा, म्हणून तो कुणी नकली कोरूही शके. इथलं मोर्तब मजकुरागणिक नव्यानं घडतं, ते उचलून दुसऱ्या पत्रावर डकवता येत नाही. ओळख एकदा मिळवून खिशात ठेवायची नाही, प्रत्येक वाक्यासोबत ती पुन्हा सिद्ध करायची.

एक जागा मात्र कच्ची आहे. वेळेचा रकाना लिहिणारा स्वतः भरतो. सही सांगते की ही वेळ त्यानंच लिहिली. ती खरी होती का, हे सांगत नाही.

मग नाव जातं कुठे? शून्य क्रमांकाच्या प्रकारात. नाव, ओळखीच्या दोन ओळी, फोटो हे सगळं आणखी एक टिपण, नवं लिहिलं की जुनं बाद. नाव हे तुमच्याविषयी तुम्हीच केलेलं एक विधान, बाकी विधानांसारखंच सहीचं. पुढच्या ‘निप-०५’मध्ये वेबपत्त्याशी नातं जोडायची सोय आहे. पण तिथेही बजावलं आहे की पाठलाग किल्लीचा करायचा, पत्त्याचा नाही. उद्या तो पत्ता दुसऱ्याच किल्लीकडे बोट दाखवू लागला, तरी आपण पहिल्या माणसासोबतच राहायचं. एका तांत्रिक सूचनेत इतकी निष्ठा असू शकते, हे वाचून मी थांबलो होतो.

किल्ली हरवली तर काय, यावर ‘निप-०१’ एक शब्द बोलत नाही. हे मौन मला टोचतं. ब्ल्यूस्काय या समाजमाध्यमानं वेगळी वाट घेतली. तिथे २४ अक्षरांची कायमची ओळख पहिल्या सहीबंद नोंदीच्या हॅशमधून जन्मते, आणि किल्ल्या तिच्यापासून अलग, बदलता येण्याजोग्या. खालच्या दर्जाच्या किल्लीनं कुणी चोरून बदल केला, तर वरच्या दर्जाची किल्ली ७२ तासांत तो उलटवू शकते. ही तीन दिवसांची मुभा मला माणुसकीची वाटते. त्यासाठी सगळ्यांची नोंद एका निर्देशिकेत ठेवावी लागते, ही तिची किंमत. नॉस्टरनं ती किंमत नाकारली, आणि चूक करायची मुभाही नाकारली.

माझी खासगी किल्ली मी वहीत हातानं उतरवली. तिचं रूप ६३ अक्षरांचं. सुरुवातीची पाच सोडली तर पुढे बी, आय, ओ ही अक्षरं आणि एकचा आकडा वापरायचाच नाही असा नियम आहे, कारण घाईत डोळा तिथे फसतो. शेवटची सहा अक्षरं पडताळणीची. मी मुद्दाम एक अक्षर चुकवून टाइप केलं; ॲपनं किल्ली घेतली नाही. मग वही उघडून, बोट ठेवत ठेवत, पहिल्यापासून पुन्हा वाचली.