नाव ठेवायची घाई : 'द कॉनेट प्रोजेक्ट' ऐकताना

'द कॉनेट प्रोजेक्ट'च्या पहिल्या सीडीचा पहिलाच ट्रॅक अंगावर काटा आणतो. आधी खरखर, मग खेळण्यातल्या पेटीतून यावी तशी एक धून, आणि त्यानंतर लहान मुलीच्या आवाजात जर्मन आकडे. ट्रॅकचं नाव 'द स्वीडिश ऱ्हॅप्सडी'. हॉस्टेलवर रात्री दीड वाजता हेडफोन लावून हे ऐकलं आणि नंतर दिवा बंद करावासा वाटेना, हे आधीच कबूल करतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शॉर्टवेव्ह लहरी आयनांबरावरून परावर्तित होत हजारो किलोमीटर जातात. त्यामुळे शीतयुद्धात हेरांना निरोप द्यायला त्या सोयीच्या होत्या. साधा रेडिओ पुरतो आणि कोण ऐकतंय हे कळत नाही. आकडे उलगडायची किल्ली एकदाच वापरून टाकून द्यायची. ती नीट वापरली तर किल्लीशिवाय निरोप फोडणं अशक्यच. अशा 'नंबर्स स्टेशन्स'ची हौशी श्रोत्यांनी केलेली रेकॉर्डिंग्ज अकिन फर्नांडिस यांनी जमवली, आणि इर्डियल या ब्रिटिश लेबलने 1997 साली चार सीडींचा संच काढला. इंटरनेट अर्काइव्हवर तो फुकट मिळतो.

आता तक्रार. त्या पहिल्या ट्रॅकमधली धून 'स्वीडिश ऱ्हॅप्सडी' नाहीच, ती 'लक्झेंबर्ग पोल्का' आहे. स्टेशनही स्वीडनचं नव्हतं, ते पोलंडच्या गुप्तचर खात्याचं होतं. आणि ती मुलगी? ते पूर्व जर्मनीच्या श्टाझीने बनवलेलं आकडे बोलणारं यंत्र होतं. म्हणजे मला ज्याची भीती वाटली त्यातलं निम्मं तरी नावाने आणि माझ्या कानांनी मिळून रचलेलं होतं.

याच स्टेशनचं दुसरं एक नाव आहे : जी02. हे एनिग्माने दिलेलं. 1993 साली सुरू झालेला हा युरोपातल्या हौशी श्रोत्यांचा गट. इंग्रजीला ई, जर्मनला जी, स्लाव्ह भाषांना एस, मोर्सला एम, आणि पुढे क्रमांक. इतकं रुक्ष की कोणी त्यावर सिनेमा काढणार नाही. पण धून चुकीची निघाली, मुलगी यंत्र निघाली, तरी जी02 हे नाव चुकीचं ठरलं नाही. कारण त्यात 'जर्मन भाषेत ऐकू आलं' यापलीकडे दावाच नाही.

हे मला इतकं का लागलं ते सांगतो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या आलेखात एक अनोळखी पीक आलं. मी वहीत शेजारी लिहिलं, 'अशुद्धी'. पुढचे चार महिने नमुने धुतोय, परत बनवतोय, परत धुतोय. पीक जागच्या जागी. शेवटी लॅबमधल्या ज्युनियरने विचारलं, 'दादा, रिकामा होल्डर लावून बघितला का?' ते पीक होल्डरच्या ॲल्युमिनियमचं होतं. वहीत नुसता कोन लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं असतं, तर रिकामा होल्डर मीच पहिल्या आठवड्यात लावला असता, असं मला अजून वाटतं.

श्रोत्यांचं खरं काम सीडीवर नाहीच, ते त्यांच्या नोंदींमध्ये आहे. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, भाषा, आकड्यांचे गट किती. निरोपाचा अर्थ कधीच कळणार नाही हे मान्य करून ते पाकिटावरचे शिक्के तपासत बसले. लोकगीताच्या धूनने सुरू होणारं 'लिंकनशायर पोचर' (ई03) एका वेळी पाच आकड्यांचे दोनशे गट वाचायचं. त्याचा उगम हौशी लोकांनी दिशाशोधन करून सायप्रसमधल्या ब्रिटिश हवाई तळापर्यंत नेला. आणि 'हे हेरांसाठीच असतं' हा जुना अंदाज, तो 1998 साली मायामीत पकडलेल्या क्यूबन हेरांच्या खटल्यात पुराव्यानिशी समोर आला.

सीडीत यातला सगळा कंटाळा गळून जातो. काहीच न सापडलेल्या रात्री तिथे नाहीत, उरतो तो गूढ आवाज. विल्को बँडने त्यातलाच एक तुकडा गाण्यात वापरला, 2002 सालच्या अल्बमला 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' हे नावही त्यातूनच घेतलं, आणि मग इर्डियलशी कोर्टकज्जा. कला म्हणून हा संच मला आवडतो, पुन्हा ऐकेन. जतन केला नसता तर यातले बरेच आवाज आपल्याला मिळालेच नसते, हे श्रेयही मोठं आहे. पण कुणी याला 'अभ्यास' म्हणालं तर मी भांडेन.

श्रोतेही चुकतात, बरं का. 4625 किलोहर्ट्झवर वर्षानुवर्षं गुणगुणणारं रशियन 'बझर' जगभर यूव्हीबी-76 म्हणून प्रसिद्ध आहे. पण ती खूण बहुधा ऐकण्यातली चूक, मूळ यूझेडबी-76 असावी, असं आता श्रोतेच म्हणतात. त्यांच्या यादीत ते एस28 आहे.

नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ इंटरनेटवरून कुणालाही फिरवता येतो. काल रात्री पावणेबाराला 4625 लावलं. माझी नोंद : बझ चालू, मिनिटाला साधारण 25. आवाज माणसाचा नाही. वीस मिनिटं बसलो, दुसरं काही नाही.