घसारा शंभर टक्के

पुतळा हा मुळात गंभीर प्राणी आहे. तो हसत नाही. त्याच्याकडे बघून कुणी हसलेले त्याला खपत नाही, आणि त्याला एक वेळ खपेल, पण त्याच्या समितीला खपत नाही. समिती, वर्गणी, चौथरा, अनावरण, कोनशिलेवरची नावे आणि त्या नावांचा क्रम, एवढे सगळे पार पडल्यावर हसायची ताकद उरते कुणाला? जगभर हेच. फरक असलाच तर समितीच्या चहात. स्वीडनमध्ये कॉफी असते.

स्वीडन तर या बाबतीत फारच टापटिपीचा देश. सरकारी इमारत बांधायची तर खर्चाचा एक टक्का कलेसाठी राखून ठेवावा, हे तत्त्व तिथल्या संसदेने १९३७ साली मान्य केले, आणि त्याच वर्षी कला निवडायला एक सरकारी मंडळही नेमले. स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेची शंभर स्थानके. त्यांतल्या नव्वदाहून अधिक स्थानकांत चित्रे नाहीतर शिल्पे. आता ‘टक्का’ हा शब्द कानावर पडला की माझ्यातला बँकेतला माणूस जागा होतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कलेकडे बघायला ताळेबंदाखेरीज दुसरा चष्मा माझ्याजवळ नाही. त्या चष्म्यातून ब्राँझचा पुतळा म्हणजे भक्कम मालमत्ता. दरवर्षी थोडा घसारा, थोडी कबुतरे, पण पन्नास वर्षांनीही वहीत काहीतरी किंमत शिल्लक. बर्फाचा पुतळा म्हणजे सकाळी जमा, दुपारी घसारा सुरू, आणि नीट ऊन पडले की खाते बंद! कोणताही ऑडिटर याला मालमत्ता म्हणणार नाही.

आणि तरीही माझे मत असे, की स्वीडनमधली सर्वांत खट्याळ आणि सर्वांत निर्मळ सार्वजनिक कला याच शंभर टक्के घसाऱ्याच्या खात्यात सापडते. किंबहुना, ती खट्याळ असूनही निर्मळ राहते ती या घसाऱ्यामुळेच. पुढचा सगळा मजकूर म्हणजे या एका वाक्याला जोडलेली व्हाउचरे समजावीत.

पहिले व्हाउचर मालाचे. आपली बर्फाशी ओळख गोळेवाल्याच्या रंध्याखाली झालेली. फार तर उसाच्या रसात. त्यामुळे आपल्याला बर्फ एकाच जातीचा ठाऊक. स्वीडिश माणसाकडे बर्फाला निरनिराळे शब्द आहेत, आणि त्यातला या कलेच्या कामाचा शब्द म्हणजे ‘क्रामस्नो’. कडाक्याच्या थंडीतले हिम कोरडे, पिठासारखे असते. मुठीत धरले तर रव्यासारखे सुटते. त्यात लाडू वळत नाही. तापमान शून्याच्या आसपास आले, की कणांवर पाण्याचा ओलावा धरतो आणि मग हिम वळते. हाच तो ‘क्रामस्नो’. ‘क्रामा’ म्हणजे दाबणे, आणि मिठी मारणे हाही त्याचाच अर्थ. म्हणजे मिठीला राजी असलेले हिम! बेसन जास्त भाजले, तूप कमी पडले, तरी ओट्याशी उभ्या असलेल्या कुठल्याही गृहिणीला हे शास्त्र एका वाक्यात कळेल. पण गंमत पुढेच आहे. ज्या ओलाव्यामुळे पुतळा उभा राहतो, तोच ओलावा थोडा वाढला की पुतळा बसतो. घडवणारा आणि मोडणारा हात एकच. आपल्याकडे हे तत्त्वज्ञान सांगायला कीर्तनकार लागतो. तिथे थर्मामीटर सांगतो.

माझा धाकटा भाऊ गोथेनबर्गला मोटारीच्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याच्याकडे मी एक हिवाळा काढला. (या गावाचे नाव इंग्रजीत गोथेनबर्ग, आणि खुद्द गावकरी म्हणतात साधारण ‘यतेबोरी’. पत्ता विचारताना मी खिशातला कागद दाखवत असे.) समुद्रकाठचे गाव, त्यामुळे हिम पडते ते बऱ्याचदा ओलसर, म्हणजे माल उत्तम, पण टिकायची हमी नाही. तिथल्या बागेत माझी सात वर्षांची पुतणी आणि तिची मित्रमंडळी काहीतरी उभारत होती. मी आपला मोठेपणाने खिशातले गाजर काढून पुढे झालो.

“काका, नाक लावू नका.”

“का गं?”

“त्याचं डोकं खाली आहे. तो उलटा आहे.”

खरेच. मोठा गोळा वर, धाकटा गोळा खाली, आणि आकाशाकडे पाय केलेल्या दोन फांद्या; त्यांना बुटांचा एक जोड. बर्फाच्या माणसाला तिकडे ‘स्नोगुब्बे’ म्हणतात. ‘गुब्बे’ म्हणजे म्हातारबा. म्हातारबाने शीर्षासन केले होते. जाणारी येणारी गंभीर माणसे, हातात पिशव्या, मान खाली, तिथवर येत, थबकत, आणि हसून पुढे जात. कुणी कुणाशी बोलले नाही. स्वीडिश माणूस अनोळखी माणसाशी उगाच बोलत नाही. पण अनोळखी माणसाच्या म्हातारबाला हसायला ओळख लागत नाही.

समीक्षक म्हणून माझे पहिले निरीक्षण इथले. या कलेचा विनोद पुतळ्यात नसतो, जागेत असतो. तोच म्हातारबा अंगणात उभा राहिला तर बाळबोध. बसथांब्याच्या बाकावर बसवला तर तो प्रवासी होतो, आणि शेजारी उभा असलेला खरा प्रवासी विनोदाचा भाग होतो. गोथेनबर्गच्या मुख्य चौकात राजा दुसरा गुस्ताव आडॉल्फ याचा १८५४ सालचा पुतळा आहे. हे शहर त्याने वसवले, १६२१ साली. राजा बोटाने जमीन दाखवतो आहे. म्हणजे ‘शहर इथे वसवा’. आता त्या बोटाखाली एखाद्या पोराने दोन फुटांचा म्हातारबा करून ठेवला, तर त्या आज्ञेचे काय होईल बघा! ‘शहर इथे वसवा’ ऐवजी राजेसाहेब ‘हे कुणी करून ठेवलं?’ असे विचारताना दिसतील. ब्राँझला धक्का नाही, ओरखडा नाही, आणि तरी अख्ख्या पुतळ्याचा अर्थ बदलला. संध्याकाळी ऊन्ह लागले की राजाला राज्य परत.

दुसरे व्हाउचर जरा अवघड आहे. २०१६च्या जानेवारीत याच शहरात, किंग्सपार्कजवळच्या गोठलेल्या खंदकावरच्या हिमात कुणीतरी एक भली मोठी आकृती काढली. पुरुषाच्या ज्या अवयवाचा उल्लेख मराठी निबंधात आजवर ‘इत्यादी’ या शब्दात सामावून घेतला गेला आहे, त्याची ती आकृती होती. नगरपालिकेकडे तक्रार गेली. सफाईचा माणूस पाठवला गेला. त्याने इमाने इतबारे ‘इत्यादी’ पुसले. इथवरची गोष्ट कुठल्याही नगरपालिकेत घडेल. पण मग लोकांनी तक्रार केली ती पुसल्याबद्दल! आणि ज्याने ते पुसले, त्याच माणसाने पुढे शहराच्या दुसऱ्या भागात आणखी मोठे ‘इत्यादी’ काढून नुकसानभरपाई दिली. खोडरबरानेच पुढे पेन्सिल व्हावे, असा प्रकार कलेच्या इतिहासात विरळा.

विषय पोरकटच. शाळेच्या बाकावर कर्कटकाने कोरला जाणारा. पण याच गावात एक जुना संदर्भ आहे. मोठ्या चौकात कार्ल मिलेस या थोर शिल्पकाराचा पोसायडन उभा आहे. समुद्रदेव, १९३१ सालचा, सात मीटर उंच, ब्राँझचा, आणि अंगावर कपडा नाही. मूळ आराखड्यात देवाचे ‘इत्यादी’ देवाच्या उंचीला शोभेल असे होते, नागरिक संकोचले, आणि मग ते आवरते घेतले गेले, असे तिथे सांगतात. म्हणजे पंचाऐंशी वर्षांपूर्वी जे ब्राँझमधून वजा केले, ते हिमात व्याजासकट परत आले. बँकेच्या भाषेत ही जुनी थकबाकी.

याच विषयावर २०१८ साली स्टॉकहोममध्येही काम झाले. एका चित्रकर्तीने इमारतीच्या भिंतीवर पाच मजली निळे ‘इत्यादी’ रंगवले. तिथे भिंतीला मालक होता, चित्राला सही होती, समोर राहणाऱ्यांच्या खिडक्या होत्या. तक्रारींचा पाऊस पडला, आणि काही दिवसांतच ते रंगाखाली झाकायचे ठरले. विषय एक, शहरे एकाच देशातली. मग एकीकडे हसू आणि दुसरीकडे रागच का जास्त? माझे उत्तर घसाऱ्यात आहे. समोरच्या खिडकीतल्या बाईंना भिंतीवरचे चित्र रोज सकाळी दुधाबरोबर बघावे लागणार होते, आणि ते किती वर्षे हे तिला विचारले नव्हते. हिमातले चित्र मार्चपर्यंत जाणार हे सगळ्यांना ठाऊक. थट्टेला मुदत असली की ती सहन होते. बिनमुदतीची थट्टा म्हणजे छळ.

तिसरे व्हाउचर येव्लेचे. पैठणीचे येवले नव्हे. स्वीडनमधल्या या गावाच्या नावाचा उच्चारच जवळपास तसा होतो. १९६६पासून तिथे नाताळच्या आधी चौकात गवताचा अवाढव्य बोकड उभारतात, चांगला तेरा मीटर उंच. आणि उभारला की कुणीतरी तो पेटवतो. पहिला बोकड पहिल्याच वर्षअखेरीला जळला. २०१६ साली पन्नासाव्या वाढदिवसाचा बोकड उद्घाटनाच्याच दिवशी गेला. २०२३ साली गवतात धान्याचे दाणे राहिले होते, म्हणून कावळ्यांच्या कुळातल्या पक्ष्यांनी तो टोचून टोचून खाल्ला. जगभरची वर्तमानपत्रे या बोकडावर हसतात, मीही हसलो. पण खट्याळपणाच्या हिशेबात मी त्याला कमी गुण देईन. कुणीतरी कष्टाने बांधलेले दुसऱ्याने पेटवायचे, यात एकाचे हसू दुसऱ्याच्या खर्चाने होते. पक्ष्यांचे ठीक आहे, त्यांना भूक होती. हिमाचा म्हातारबा मात्र कुणाचे काही घेत नाही. भांडवल आभाळातून, मजुरी पोरांची, मोडतोड सूर्याकडे.

आता उलटी बाजू. ‘क्षणभंगुर ते सुंदर’ असे घाऊक सर्टिफिकेट मी देणार नाही. उत्तर टोकाला युकासयार्वी गावात टॉर्ने नदीच्या बर्फाचे हॉटेल आहे. १९८९च्या सुमारास तिथे बर्फातली कला सुरू झाली, आणि पुढे दर हिवाळ्यात नवे हॉटेल, नवे शिल्पकार, वसंतात सगळे पुन्हा नदीत. कारागिरी अशी, की बघताना तोंडात बोट घालावे (घातले तर चिकटेल). पण तिथे तिकीट आहे, निवड समिती आहे, आणि २०१६पासून त्यातला एक भाग उन्हाळ्यातही सौरऊर्जेवर थंड ठेवतात. वितळायची सोय गेली, तिथे खट्याळपणाही गेला. राहिली ती कलाच! ज्यांना कला हवी त्यांनी अवश्य जावे. मला माझा शीर्षासनी म्हातारबा बरा वाटतो.

शिवाय वितळणार आहे म्हणून काहीही चालते, असेही नाही. ‘इत्यादी’ पहिल्यांदा काढले तेव्हा विनोद, दहाव्यांदा काढले तर कल्पनेचे दिवाळे. वाकून चालणाऱ्या एखाद्या खऱ्या म्हातारीच्या दारासमोर तिची नक्कल करून ठेवली, तर हिम दुपारी जाईल, पण म्हातारीच्या मनातले जाणार नाही. तिथे घसारा लागू होत नाही. चांगल्या हिमकलेची माझी कसोटी म्हणून साधी आहे: ज्याच्यावर विनोद केला, त्याला थांबून एक गोळा वर ठेवावासा वाटला पाहिजे.

आणि खरी काळजी वेगळीच आहे. दक्षिण स्वीडनमध्ये हिमाचे दिवस पूर्वीपेक्षा कमी झाले आहेत. भावाच्या शेजारचे आजोबा, आपल्या लहानपणी या बागेत घसरगाड्या किती दिवस चालत, हे मुलांना सांगतात आणि मुले पंचतंत्र ऐकावे तशी ऐकतात. चौथरे आहेत, समित्या आहेत, एक टक्काही आहे. ज्या जागेसाठी कुणाची परवानगी काढावी लागत नाही, अर्ज तीन प्रतींत द्यावा लागत नाही, आणि सात वर्षांची मुलगी जिथे राजाच्या शेजारी आपला पुतळा उभा करू शकते, ती पांढरी जागाच आखडत चालली आहे. ब्राँझच्या पुतळ्यांना याचे काही वाटणार नाही. पण कुणीही हसत नाही अशा चौकात ते एकटे पडतील, एवढे खरे.

आमचा म्हातारबा तिसऱ्या दिवशी गेला. आधी कलला, मग गुडघे नसूनही गुडघ्यांवर आला, मग सपाट. बूट कुणीतरी उचलून कुंपणाच्या खांबांवर उपडे घालून ठेवले. तिकडे सापडलेली वस्तू अशीच ठेवतात, मालकाला दिसावी म्हणून. पुतणीला मी विचारले, वाईट नाही का वाटत? ती म्हणाली, “काका, हवामानात सांगितलंय, गुरुवारी परत पडणार आहे.”

नव्या भांडवलाची तारीख एवढी नक्की सांगणारा कर्जदार मी बँकेत अजून पाहिलेला नाही.