राष्ट्रगीत कोणीं निवडलें?

राष्ट्रगीताची निवड म्हणजे काव्याची परीक्षा, अशी पुष्कळांची समजूत असते. कोणी थोर कवि, त्याची एक उत्तम कविता, आणि तीवर एकमतानें उठलेली राष्ट्राची मोहोर, असें चित्र आपण मनाशीं रंगवितों. भारताच्या राष्ट्रगीताची हकीकत वाचूं लागलें कीं या चित्रांतील बरेच रंग उडून जातात.

२४ जानेवारी १९५० रोजीं, घटनेवर सह्या व्हावयाच्या त्याच दिवशीं, अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनीं घटनासमितींत एक निवेदन केलें. 'जन गण मन' हें राष्ट्रगीत समजावें, आणि स्वातंत्र्याच्या लढ्यांत ऐतिहासिक कामगिरी बजावणाऱ्या 'वंदे मातरम्'ला त्याच्या बरोबरीचा मान व दर्जा असावा, इतकाच त्याचा आशय. ठराव नाहीं, चर्चा नाहीं, मतमोजणी नाहीं. ठरावापेक्षां निवेदनच बरें, असें अध्यक्षांनीं त्याच वेळीं सांगूनहि टाकलें. सभासदांनीं टाळ्या वाजविल्या. कलमाकलमाचा कीस काढणारी समिति या एका प्रश्नावर मौन धरून बसली, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

या दोन गीतांत मुळांत वैर नव्हतें. १८९६ मध्यें कलकत्त्याच्या राष्ट्रसभेंत 'वंदे मातरम्' गाइलें तें रवींद्रनाथांनींच. आणि त्यांचें 'जन गण मन' त्याच शहरीं, राष्ट्रसभेच्याच अधिवेशनांत, २७ डिसेंबर १९११ रोजीं प्रथम गाइलें गेलें. १९३७ सालीं काँग्रेस कार्यकारिणीनें 'वंदे मातरम्'चीं पहिलीं दोनच कडवीं म्हणावीं असें ठरविलें. पुढील कडव्यांतील देवीच्या स्तवनाला मुसलमान समाजांतून हरकत होती. म्हणजे वाद होता तो शब्दांचा. पुढें तो सुरांचा कसा झाला पाहा. १९४७ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेच्या प्रसंगीं आपल्या प्रतिनिधींकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. त्यांच्याजवळ 'जन गण मन'ची तबकडी होती. तीवरून वाद्यवृंदानें तयारी केली, आणि परकीय श्रोत्यांना तें आवडलें. २५ ऑगस्ट १९४८ रोजीं पंडित नेहरूंनीं हा प्रसंग सांगून, 'वंदे मातरम्'ची चाल वाद्यवृंदाला सोयीची नाहीं, असा आक्षेप मांडला.

या आक्षेपाला उत्तर दिलें तें एका महाराष्ट्रीय गायकानें. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांनीं झिंझोटी रागांत, समूहाला म्हणतां येईल आणि बँडवर वाजवितां येईल अशी चाल बांधली, आणि दिल्लीस जाऊन ती घटनासमितीच्या सभासदांना ऐकविली. निर्णय हलला नाहीं.

टीकाकारानें येथें आडपडदा ठेवूं नये. अडचण दूर होऊनहि निर्णय कायम राहतो, तेव्हां ती अडचण निर्णयाचें मूळ नसते. मूळ १९३७ सालचेंच होतें, असें आमचें मत आहे: सर्वांनीं उभें राहून म्हणावयाचें गीत कोणाच्याहि मनाला टोंचूं नये. ही इच्छा आम्हांस रास्त वाटते; पण ती मुख्य कारण म्हणून उघड सांगावयास हवी होती. ती चालीच्या आड ठेविल्यामुळें एका श्रेष्ठ कलावंताला अशा परीक्षेस बसविलें गेलें कीं जिचा निकाल त्याच्या सुरांवर अवलंबूनच नव्हता.

काव्याचा विचार कोणी केला, हा प्रश्न राहतोच. 'जन गण मन'चीं कडवीं पांच. राज्यमान्य झालें तें पहिलें. त्यांत प्रांतांचीं, पर्वतांचीं, नद्यांचीं नांवें ओळीनें येतात, आणि 'मराठा' हें त्यांत पाहून आपला ऊर भरूनहि येतो. पण युगानुयुगांची चढउताराची वाट आणि तीवरील सारथि यांचें चित्र ज्या तिसऱ्या कडव्यांत आहे, तें आमच्या मतें कितीतरी सरस. आणि तें आपल्या घरांत कितीजणांना ठाऊक आहे? राष्ट्रगीताला मिळतात सुमारें ५२ सेकंद. तेवढ्यांत नांवेंच मावतात. त्यांपैकीं सिंध १९४७ सालीं पाकिस्तानांत गेला. तें नांव गाळावें असा अर्ज पुढें सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचला, आणि २००५ सालीं न्यायालयानें तो फेटाळला.