‘मतं खाल्ली’ म्हणजे नक्की काय?

4 जून 2024 रोजी महाराष्ट्रात मतमोजणी सुरू झाली, तेव्हा इथे न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉयमध्ये आदल्या रात्रीचे साडेदहा वाजले होते. मराठी वाहिन्या लावून जागलो. दर थोड्या वेळाने एकच वाक्य कानावर पडत होतं: ‘अमक्याने तमक्याची मतं खाल्ली.’ हा शब्दप्रयोग आपण जरा तपासून वापरायला हवा.

पहिली अडचण गणिताची. विजयाच्या फरकापेक्षा तिसऱ्याची मतं जास्त भरली की निकाल त्याच्यामुळे फिरला, असं मानलं जातं. मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपेक्षा अवघ्या 48 मतांनी पुढे राहिले. तिथे ‘नोटा’लाच 15 हजारांवर मतं होती आणि वंचितला सुमारे 10 हजार. मग मतं कोणी खाल्ली? 48चा फरक असला की पाऊस, लग्नाची तिथी, बिघडलेली रिक्षा, सगळंच कारण ठरतं. शिवाय तिसरा उमेदवार नसता तर त्याचे मतदार दुसऱ्याकडेच गेले असते, हे कशावरून? काही घरीच बसले असते, काही भलतीकडे गेले असते.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात.

एक, निव्वळ फसवणूक. 2024च्या विधानसभेत आंबेगावात दिलीप वळसे पाटील 1,523 मतांनी जिंकले. हरलेले देवदत्त निकम यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्यांच्याच नावाचा एक अपक्ष ट्रम्पेट चिन्हावर उभा होता, त्याला 2,965 मतं पडली. इथे ‘खाल्ली’ म्हणा, खुशाल म्हणा.

दोन, स्वतःचा गट असलेला बंडखोर. 2019ला औरंगाबादमध्ये अपक्ष हर्षवर्धन जाधवांनी 2,83,798 मतं घेतली आणि चंद्रकांत खैरे इम्तियाज जलील यांच्याकडून 4,492 मतांनी हरले. पावणेतीन लाखांहून जास्त माणसं चुकून बटण दाबत नाहीत.

तीन, स्वतःचं राजकारण असलेला पक्ष. त्याच 2019ला नांदेडमध्ये अशोक चव्हाण 40,148 मतांनी पडले, वंचितच्या उमेदवाराला 1,66,196 मतं होती. लगेच ठपका वंचितवर. पण जलील हे वंचितच्याच आघाडीचे उमेदवार होते. म्हणजे एकच आघाडी एका मतदारसंघात विजेती आणि दुसरीकडे मतं खाणारी! ‘खाल्ली’ म्हणताना आपण गृहीत धरतो की ही मतं मुळात काँग्रेसच्या ताटात वाढलेली होती. दलित किंवा मुस्लिम मतदाराने आपलं मत स्वतःच्या मर्जीने दिलं, तर ती चोरी कशी?

न्यूयॉर्क राज्याने यावर वेगळी वाट काढली आहे. इथे एकच उमेदवार अनेक पक्षांच्या रांगेत छापला जातो आणि मतांची बेरीज होते. 1994ला जॉर्ज पटाकी मारिओ क्युओमोंना सुमारे 1 लाख 74 हजार मतांनी हरवून गव्हर्नर झाले; त्यांच्या मतांपैकी सव्वातीन लाखांहून जास्त कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या रांगेतून आली होती. लहान पक्षाची ताकद मोजताही येते आणि मत वायाही जात नाही.

पण ही वाटही निर्मळ नाही, हे आमच्या ट्रॉयला ठाऊक आहे. 2009च्या सप्टेंबरमध्ये इथे वर्किंग फॅमिलीज या छोट्या पक्षाची प्राथमिक निवडणूक झाली. मोजकेच नोंदणीकृत मतदार, पण त्या रांगेत नाव छापून येणं नगरपरिषदेच्या चुरशीत मोलाचं. म्हणून टपाली मतपत्रिकांवर बनावट सह्या झाल्या. पुढे खटले चालले. काहींनी गुन्हा कबूल केला, काही निर्दोष सुटले. ज्यांच्या नावावर मतं पडली, त्यांना मात्र कुणी विचारलंच नव्हतं. खरी ‘खाल्लेली’ मतं ती.

अटीतटीच्या लढतीत तिसरा उमेदवार निकाल फिरवू शकतो, हे मी नाकारत नाही. पण ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, मग बहुमत असो वा नसो, या पद्धतीचा तो परिणाम आहे. युती करताना जागा सोडायच्या नाहीत आणि हरल्यावर मतदाराला बोल लावायचा, हा पक्षांचा जुना खाक्या. समीक्षकांनी तरी त्यांचीच री ओढू नये. पुढच्या निकालाच्या रात्री कुणी ‘मतं खाल्ली’ म्हणालं, तर एवढंच विचारू या: ती होती कुणाची?