‘सुरक्षा गुणक’ : एका पारिभाषिक शब्दाची चिकित्सा

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसविण्यात आली. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील या धरणास ३३ वक्राकार दरवाजे आहेत. अशा दरवाजावरील पाण्याचा दाब पोलादी भुजांतून आधारपिनेकडे जातो. अशा पोलादी बांधणीत बोल्टांनी केलेल्या जोडांचे आकारमान ठरविताना जो अंक योजतात, त्यास मराठीत ‘सुरक्षा गुणक’ म्हणतात. हा शब्द अर्थास कितपत उतरतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

‘गुणक’ म्हणजे ज्याने गुणावयाचे तो. बोल्टच्या सामर्थ्यास मात्र या अंकाने भागावयाचे असते. भारतीय मानक ८०० (२००७) त्यासाठी १.२५ हा भाजक देते. वेल्डिंगसाठी तेच मानक कारखान्यात १.२५ व कार्यस्थळी १.५० असा भेद करते; बोल्टसाठी दोन्हीकडे अंक एकच. म्हणजे हा अंक सुरक्षेचे माप नव्हे; साहित्य व कारागिरी यांविषयी किती अनिश्चितता गृहीत धरली, याची ती नोंद होय. ‘सुरक्षा’ हे पूर्वपद नेमकी ती नोंद झाकून टाकते.

वक्राकार दरवाजांचे मानक ४६२३ या दृष्टीने अधिक बोलके आहे. पोलाद ज्या ताणास कायमचे विरूप होऊ लागते, त्याच्या ०.४५ पट संपीडन ते ओल्या भागांस देते. परंतु तपासणीसाठी तेथे पोहोचता येत नसेल, तर ०.४० पटच. येथे अंकाशेजारी त्याचे कारणही उभे आहे.

कारण न लिहिल्यास काय निसटते, हे १७ जुलै १९९५ रोजी कॅलिफोर्नियातील फॉल्सम धरणावर दिसले. तेथील एक वक्राकार दरवाजा उघडताना निकामी झाला. आधारपिनेतील घर्षण मूळ आराखड्यात धरलेच नव्हते; गंजामुळे ते वाढत गेले, आणि भुजांमधील कर्णपट्टीच्या बोल्टांच्या जोडापासून मोडतोड सुरू झाली. जो भार मांडलाच नाही, त्यास गुणावयाचे कशाने?

रूढ शब्द आता बदलणे दुष्कर आहे. तथापि अध्यापनात व आराखड्यांत प्रत्येक गुणकासोबत तो कोणत्या अनिश्चिततेपोटी घेतला आणि काय त्याच्या कक्षेबाहेर राहिले, हे लिहिले जावे. वैनगंगेच्या काठच्या गावांचा भरवसा अखेर शब्दावर नसून त्यामागील हिशेबावर आहे.