अडलेलं विधेयक

फ्रँक काप्राचा 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन' (1939) आपल्याला आठवतो तो सिनेटमधल्या अखंड भाषणामुळे, जेम्स स्टुअर्टच्या बसलेल्या घशामुळे. त्या भाषणानं अडलेलं विधेयक मात्र कुणाला आठवत नाही. ते पुरवणी खर्चाचं आहे. धरणाचा संशयास्पद प्रस्ताव हे त्यातलं केवळ एक कलम. एका कलमापायी सगळा निधी अडतो. मला पटकथेतली हीच गोष्ट सर्वांत खरी वाटते, आणि काप्रा नेमका तिथेच घाई करतो. पैशाची वाट पाहणाऱ्यांकडे त्याचा कॅमेरा वळत नाही. डिसेंबर 2018पासून सीमेवरच्या भिंतीच्या तरतुदीवरून अमेरिकी सरकारचं कामकाज 35 दिवस अंशतः बंद होतं. सुमारे 8 लाख कर्मचाऱ्यांचे पगार थांबले. विमानतळांवरचे तपासनीस तरीही कामावर येत होते. त्यांच्यासोबत बसून पाहिला, तर स्मिथ इतका निर्मळ नायक उरत नाही.